राखीव रॅम

नीतूच्या मुलीचं बारसं रविवारी मेलबर्नला होतं आणि पाळणा इकडे तिच्या माहेरी, कोहक्याच्या घरातून म्हणायचा होता. नीतूच्या आईच्या, सिंधुताईंच्या गुडघ्यांना विमान झेपणार नव्हतं आणि मोबाइलमधलं बाळ त्यांना वाटाण्याएवढं दिसे. भरवसा होता तो नीतूनं मागे ठेवलेल्या लॅपटॉपवर. पण त्यावर व्हिडिओ फोन लागला की चित्र थिजायचं. नात हसता हसता मध्येच थांबायची.

नीतूनं कळवलं, यात रॅम फक्त चार जीबी आहे, आठ करून घ्या. नाहीतर नवाच लॅपटॉप पाठवते. 'नवा' ऐकून तिच्या वडिलांनी, दौलतरावांनी कंबर कसली. पोलाद कारखान्यात उभा जन्म पाण्याचे पंप सांभाळलेला माणूस तो. कारखान्याच्या भोंग्यावर वसाहतीतल्या सगळ्या सेक्टरांची घड्याळं लागत, त्या दिवसांपासून त्यांनी एकही मशीन सहजी भंगारात जाऊ दिलं नव्हतं.

तीन दुकानं पालथी घातल्याशिवाय ते खिळाही घेत नसत. शेवटी सुपेल्याच्या बाजारात कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणाऱ्या भैयालालकडे आले. तो म्हणाला, "बाबूजी, आठ की एक ले लो. या फिर चार-चार की जोड़ी।"

जोडी म्हणताच दौलतरावांचा निर्णय झाला. भैयालाल तिथेच बसवून देत होता, पण आपलं मशीन परक्याला उघडू देणं त्यांच्या नियमात नव्हतं.

घरी येऊन त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि त्यावर कारखान्यातल्यासारखी लाल चिठ्ठी लटकवली: 'चालू करू नये. माणूस कामावर आहे.' सिंधुताई दिवसभर त्या टेबलाला वळसा घालून केर काढत राहिल्या. संध्याकाळी काम फत्ते झाल्याची घोषणा झाली.

शनिवारी नीतूला फोन लावून पाहिला. नात पुन्हा थिजली.

"मालच खराब दिला त्यानं," दौलतराव म्हणाले आणि सुपेल्याला गेले. दुकानाला कुलूप. शेजाऱ्यानं सांगितलं, भैयालाल सासुरवाडीला, कुम्हारीला गेलाय. रविवारी सकाळी दौलतराव बूट घालून कुम्हारीच्या बसला निघाले. तेवढ्यात बारशासाठी साडी काढताना सिंधुताईंना कपाटात मेणकागदाची पुडी सापडली.

"हे काय होय?"

"हात नोको लावू. स्टँडबाय आहे."

मग त्यांनी समजावलं: कारखान्यात पंप नेहमी दोन. एक चालतो, दुसरा तयार उभा राहतो. पहिला बसला तरी भट्टीचं पाणी क्षणभरही तुटू नये. म्हणून तर जोडी घेतली. एक लावली, एक राखीव ठेवली.

"अन् जुनी?"

"काढली. जुना-नवा पार्ट संगं चालत नाई."

"जुनी कितीची होती?"

"चारची."

"अन् नवीन लावली ते?"

दौलतराव बुटांकडे पाहत म्हणाले, "चारची."

सिंधुताई पलंगावर टेकल्या. "म्हणजे चार काढून चारच लावले. अन् त्या गरिबाच्या सासुरवाडीत जाऊन तुमी भांडणार कावून?"

दौलतरावांनी बुटाची नाडी सोडली. पण मन मानेना. "दोन्ही लावल्या अन् एक बसली, तं?"

"तं तवाचं तवा पाहू. आज मले पोरगी पाहू द्या."

दोन्ही लागल्या. दुपारी फोन जोडला आणि नातीच्या पायाची नखंसुद्धा दिसली. पाळण्याभोवती नीतूच्या मैत्रिणी उभ्या होत्या. सिंधुताईंनी पदर सारखा करून सूर लावला, आणि नात जांभईत तोंड उघडं ठेवून थांबली. दौलतरावांनी पेचकस उचलला.

"बाबा, तुमी बराबर दिसून राहिले," पलीकडून जावई हेमराजचा आवाज आला. "आमचाच लॅपटॉप अटकला."

दौलतराव खुर्ची पुढे ओढून बसले. इतकं प्रसन्न त्यांना सिंधुताईंनी निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं. "काही नाई, जावईबापू. पेचकस आना. मागचं झाकण खोला अन् अंदर रॅमचे खाने किती आहेत ते सांगा."

तिकडे खरंच कुणीतरी पेचकस शोधायला निघालं. सिंधुताईंनी मात्र सूर सोडला नाही. थिजलेल्या नातीकडे पाहत त्यांनी त्याच चालीत पुढची ओळ घेतली, "अगोदर नाव ठेवा, मग झाकण खोला."

मेलबर्नच्या बायकांना तो पाळण्यातलाच चरण वाटला. त्यांनी तो भक्तिभावानं दोनदा घोळवून म्हटला.