दीड शेराचा घोडा

इस्माईलचाचा कुत्र्याच्या पिल्लाजवळही डाव्या बाजूनेच जात. आधी घसा खाकरायचा, मग पाठीवर हात ठेवायचा, मग पुढचा पाय उचलायचा. मागून जायचं नाही, लाथ बसते. जव्हार संस्थानच्या पागेत चाळीस वर्षं सलोत्री, म्हणजे घोड्यांचे वैद्य म्हणून काढल्यावर दुसरी रीत कुठून येणार?

पिल्लू माझं. बदली झालेल्या एका साहेबाने जाताना ते माझ्या गळ्यात मारलेलं. झिपरं, विलायती, जेमतेम दीड शेराचं. इथल्या थंडीत त्याचं पोट फुगलं, अंग तापलं, उभं राहीना. पंच्यात गुंडाळून मी ते पागेत नेलं आणि काय होतंय ते सांगू लागलो.

"तुम्ही नका सांगू, भाऊसाहेब. जनावर झूट नाही बोलत, मालक बोलतो," चाचा म्हणाले. हे त्यांचं पालुपद.

पोट चाचपून ते म्हणाले, जंत. जंतांवर घोड्याला मूठभर वावडिंग. चाचा त्या मुठीचे अर्धे, अर्ध्याचे अर्धे करत बसले. चार दाणे उरले तरी हात पुढे होईना. "या हाताला घोड्याची सवय. जास्त पडलं तर हे जाईल." मस्तवाल घोडे लोळवणारा माणूस हा. मला हसू येईना.

शेवटी दोनच दाणे कुटून मधातून चाटवले. "लहान जीव भुकेनंच मरतो," म्हणत त्यांनी पिल्लू आपल्या घरी नेलं आणि दिवसातून सहादा गूळ घातलेली नागलीची पेज बोटाने भरवली. चौथ्या दिवशी पिल्लाने त्यांची दाढी ओढली.

मी आणायला गेलो. "अजून जुलाब आहेत." पुढच्या खेपेला कान दुखत होता. मग दात येत होते.

एकदा न कळवता गेलो. बंद दाराआड पिल्लू भुंकत होतं, चाचा हसत होते. कडी वाजवताच सगळं चिडीचूप, आणि मग बारीक आवाजात खोकला. काढलेला चाचांनीच.

"ऐकलंत? छाती भरलीय." दार किलकिलं झालं. त्यांच्या अंगरख्यातून पिल्लू डोकं काढून माझ्याकडे टुकुटुकु बघत होतं. आत एक खाट, एक ताटली. इतकी जनावरं बरी केली, पण घरी नेता येईल एवढं लहान एकही नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"खोकला वाईटच," मी म्हणालो. "तुमच्याकडेच राहू द्या."

चाचांनी घसा खाकरला, पिल्लाच्या पाठीवर हात ठेवला.

"जुना खोकला आहे, भाऊसाहेब," ते म्हणाले. "वर्षं लागतील."