ढोमणे सरांची आडवी खुर्ची

आमच्या रिसालीच्या गल्लीत ढोमणे सरांची खुर्ची भर रस्त्यात असायची. फाटकाजवळ नाही, कडेला नाही, अगदी मधोमध. शेजारी तिपाई, तिच्यावर चहाची किटली आणि दोन कप. संध्याकाळी स्टील प्लांटची शिफ्ट सुटली की मोटारसायकलींचा लोंढा गल्लीत शिरायचा, शिव्या गिळत खुर्चीला वळसा घालायचा आणि निघून जायचा.

सर फिजिक्सचे निवृत्त मास्तर. काकू गेल्यापासून घरात एकटेच. मी समोर राहतो, त्यामुळे त्यांचा लाडका न्यूट्रिनो, तो अणूहूनही बारीक कण, मला सोयऱ्यांपेक्षा जास्त ओळखीचा आहे.

"भाऊ, आत्ता तुमच्यातून अब्जावधी न्यूट्रिनो गेले. मालूम झालं का?"

"नाही सर."

"कसं होईन? त्याले चार्जच नाही, तर कोण ओढन त्याले? भिंत, लोखंड, पृथ्वी, सब आरपार! पण कधीमधी एखादा न्यूट्रॉनले धडकते. मंग न्यूट्रॉनचा प्रोटॉन होते अन् न्यूट्रिनोचा इलेक्ट्रॉन. दोघंबी पयल्यासारखे राहत नाहीत. धडकला पाहिजे बापा, तवाच पत्ता लागते!"

हे त्यांनी लग्नाच्या पंगतीत सांगितलंय, न्हाव्याला सांगितलंय आणि गॅसवाल्याला तर सिलिंडर त्याच्या खांद्यावर असतानाच सांगितलंय.

मध्यंतरी मिश्रा भाभींची स्कूटी खुर्चीला घासली. "अंकल, कुर्सी बीच में क्यों रखते हो?" त्या कडाडल्या. सरांचा चेहरा खुलला. "बैठो ना, चाय पियो!" भाभी आणखीनच भडकल्या, आणि सरांना समजावण्याचं काम गल्लीने माझ्या गळ्यात टाकलं.

"सर, खुर्ची आत घ्या. कोणाला तरी लागेल."

सरांनी रिकामा कप तिपाईवर सरळ केला. मग म्हणाले, "न्यूट्रिनो पकडाले डिटेक्टर मधातच ठेवा लागते भाऊ. तुमची काकू फाटकात उभी राहे, तवा अर्धी गल्ली थांबे. आता माह्या घरापासून सब आरपार."

मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची फाटकाच्या आत होती. किटली होती, कपही दोनच. सर रस्त्याकडे पाहत बसले होते. लोंढा आला आणि सरळ निघून गेला. आज कोणाला वळसाही घालावा लागला नाही. त्यांच्या मागून मी येत होतो. घरासमोर आलो, हँडल वळवलं आणि स्कूटर सरळ सरांच्या फाटकावर घातली.

"धडकला!" सर ताडकन उठले. "धडकला रे!" आणि त्यांनी दुसरा कप भरला.

माझ्या मडगार्डला पोचा पडला, त्यांचं फाटक वाकलं. दोन्ही अजून तशीच आहेत.