पाणी आणि प्रमाणित माहिती

शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात नळाला पाणी येण्याआधी ग्रामपंचायतीत काम करणारी रत्नाबाई गावाच्या ग्रुपवर लिहीत असे, ‘उद्या दुपारी तीनला पाणी.’ हा संदेश माणसांना समजतो, पण संगणकाला समजत नाही, ही गंभीर त्रुटी धुळ्याच्या पाणीपुरवठा कार्यालयातील भूपेंद्रसाहेबांच्या निदर्शनास आली.

त्यांनी प्रमाणित नमुना लागू केला. आधी गावाचा संकेतांक, मग सेवेचा, मग तारीख उलटी, शेवटी वेळ. वेळ जागतिक प्रमाणानुसार, कारण संगणक जगभर असतात.

इंदिराबाईच्या मुलीच्या, मोनालीच्या, हळदीच्या आदल्या दिवशी ग्रुपवर कार्यालयाचा संदेश आला: ‘धुशिं०४७-जल१-२०२५०५१४-०९३०’.

इंदिराबाईने तो दोनदा वाचला आणि सगळं ठीक, पण पाण्याची वेळ कोणती, हे रत्नाबाईला अहिराणीत विचारलं, “बठ्ठं बराबर शे, पन पानी कव्हय येई?”

“साडेनऊ दिसतंय अक्का,” रत्नाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला गल्लीभर हंडे लागले. नळ कोरडाच राहिला. बायका कंटाळून हळदीच्या मांडवात गेल्या. तिथे गाणी रंगात आली असताना तीनला पाणी आलं आणि गटारीने निघून गेलं. मोनालीची हळद शेवटी बाटल्यांच्या पाण्याने उतरवली.

तक्रार गेली. “माहिती अचूक होती,” साहेबांनी समजावलं, “तुम्ही साडेपाच तास मिळवले नाहीत.”

तरीही जनतेच्या सोयीसाठी सुलभीकरण समिती बसली. तिने ॲप काढलं. त्यात ग्रुपवरचा संदेश टाकला की मराठीत उत्तर मिळे. उघडताना फक्त अटींची सदतीस पानं येत आणि खाली हिरवं बटण: ‘वाचले, समजले, मान्य आहे.’ गावाने ते आनंदाने दाबलं.

चौथ्या दिवशी ॲप म्हणालं, ‘पाणी सुरू आहे.’ नळातून फक्त हवा आली. इंदिराबाई फोन घेऊन थेट धुळ्याला गेली.

साहेबांनी अट काढून दाखवली: ‘नळ व माहिती यांत तफावत आढळल्यास माहिती ग्राह्य धरली जाईल.’

“हे तुम्ही मान्य केलंय, अक्का.”

“तुम्ही तरी वाचलं होतं का, भाऊ?”

“नाही,” साहेब प्रामाणिकपणे म्हणाले, “पण मीही मान्य केलंय.”

दोघंही हसले. साहेबांनी चहा मागवला.

वाचकांनी मात्र फार हसू नये. परवाच तुम्हीही तेच हिरवं बटण दाबलंत. कशाला मान्यता दिलीत, ते पाणी गेल्यावर कळेलच.