मोठ्या कॅमेऱ्यातले फोटो

मंगल परिणयाचा विधी सुरू करण्यासाठी भंतेजींनी घसा साफ केला आणि नेमका त्याच वेळी यशदीपच्या मोठ्या कॅमेऱ्याने प्राण सोडला. बटण दाबले की आतून नुसती कुरकुर. शटर अडकले होते.

बॅगेत जोडीला आणलेला छोटा कॅमेरा होता. चांगल्या कंपनीचाच, पण नवशिक्यांसाठी केलेला, आटोपशीर. फोटोंत फारसा फरक पडला नसता. फरक पडणार होता गुलाबरावांना.

गुलाबराव वधूपिता. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर. प्रत्येक वस्तूत खोट असतेच, ती शोधायची तेवढी बाकी आहे, अशा नजरेने ते जगाकडे पाहत. शंकर नगरच्या स्टुडिओत ऑर्डर देताना त्यांनी मोठा कॅमेरा हातात तोलून बजावले होते, "हाच आनजा. लहान डबी काढली तर चालनार नाही. हे नीट झालं तर धाकटीचं लग्नबी तुमच्याकडेच, नाही तर नाही." यशदीपचा स्टुडिओ नवा होता. त्याची सारी भिस्त त्या धाकटीवर होती.

"दीक्षा, छोटा घे अन् खांबाआडून काढ," तो मदतीला आलेल्या चुलत बहिणीच्या कानात म्हणाला. "मी मोठा घेऊन समोर उभा राहतो."

"बंद कॅमेरा घेऊन? काय करशील, दादा?"

"उजेड पाडीन."

फ्लॅशच्या पाठीला तो तपासून पाहण्याचे एक बटण असते. यशदीप बंद कॅमेरा डोळ्याला लावी, अंगठ्याने ते बटण दाबी आणि लख्ख उजेड पडे. गुलाबराव तृप्त होऊन ओरडत, "सगळे मोठ्याकडे पाहा रे!"

सारे सुरळीत चालले होते, तोच त्यांना खांबाआडची दीक्षा दिसली.

"ते पोट्टी कोन? काहून फोटो काढून राहिली?"

बहीण म्हणावे तर छोटा कॅमेरा उघडा पडणार. "दुर्गच्या वऱ्हाडातली असेल, काका," यशदीप म्हणाला.

"वरपक्षानं आपला मानूस आनला? म्हनजे आमच्यावर भरोसा नाही!" गुलाबराव तडक खांबाशी गेले. "पोरी, तू कोनाकडची?"

"लडकीवालों की तरफ से, अंकल," दीक्षा घाबरून म्हणाली.

"आमची? अन् मी तुले वयखत नाही?" त्यांनी तिला बायकांच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवले आणि शेजारी स्वतः पहारा देत उभे राहिले. "काढाचं ते इथूनच काढ, हलू नको."

पुढचा सगळा विवाह दीक्षाने त्या खुर्चीतून टिपला.

आठवड्याने गुलाबराव स्टुडिओत आले. यशदीपने फोटो दाखवले. एकाही फोटोत कोणी कॅमेऱ्याकडे पाहत नव्हते. नवरी चेतना नवऱ्याच्या कानाशी काही बोलून हसत होती. तिची आई पदराने घाम टिपत होती. आणि पहाऱ्यावरचे गुलाबराव मुलीकडे पाहत, रुमाल हातात असून मनगटाने डोळे पुसत होते. त्या फोटोवर ते बराच वेळ थांबले.

"हे त्या दुर्गच्या पोरीचे?"

"माझी बहीण आहे, काका. दीक्षा."

"जयभीम, अंकल," आतून पाणी घेऊन आलेली दीक्षा म्हणाली.

गुलाबरावांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि त्यांची नजर हळूहळू पूर्वपदावर आली. "डबीतून असे निघाले, तर मोठ्यातले कसे असतीन! ते काहून दडवले?"

यशदीपने मग सगळे खरे सांगून टाकले.

"येड्यात काढता काय मले? तोंडावर उजेड पडला माह्या! बंद कॅमेऱ्यातून उजेड पडते?"

"फ्लॅश वेगळा असते, काका."

"हव, हव! खासे फोटो तुमी लोक काचेत लावाले ठेवून घेता, ठाऊक हाय." त्यांनी दर्शनी काचेतला एकेक फोटो वाकून तपासला. मग दाराशी वळून म्हणाले, "धाकटीचं तुमच्याकडेच. पन दोन्ही कॅमेरे पायजे. अन् मोठ्यातलं कार्ड मांडवातच माह्या हातात द्याचं. तसलेच फोटो पायजे, जे तुमी दाबून ठेवले."

ते गेल्यावर दीक्षा उड्या मारायच्या बेतात होती. "ऑर्डर मिळाली ना! मोठा आजच दुरुस्तीला टाक, दादा."

"टाकतो," यशदीप खुर्चीत बसत म्हणाला. "पन जे मी काढलेच नाही, त्या फोटोंइतके चांगले फोटो आता कुठून काढू?"