पारूमावशीचा इंग्रजी शब्द

पारूमावशीला इंग्रजी शब्द एकच येत होता आणि तो ती कुणालाही लावायची. जाळ्यात झोपा काढत आलेला बोंबील केअरलेस. समोर मासळीची टोपली असून भलतीकडे बघणारं मांजर केअरलेस. समुद्राचं तर विचारूच नका. "एक नंबरचा केअरलेस, बाय. काय बुडवतो, काय वर टाकतो, त्याचं ध्यानच नाय."

ऐंशीच्या दशकात आम्ही सरावलीत भाड्याच्या खोलीत राहायचो. नवरा बोईसरच्या कारखान्यात. मावशी तारापूरहून मासळी विकायला यायची. घासाघीस केली की मी केअरलेस, पातेलं आणायला उशीर झाला की डबल केअरलेस. शेजारणी पदराआड हसायच्या. मी मात्र चिडायचे आणि तिला हा शब्द शिकवणाऱ्याचा मनातल्या मनात उद्धार करायचे.

एकदा लेक तापाने फणफणलेली, तिच्यापाशी बसले तर इकडे दूध उतू गेलं. मावशी दारातूनच म्हणाली, "केअरलेस."

माझं डोकंच फिरलं. "अर्थ तरी कळतो का, मावशी? निष्काळजी. हयगय करणारा. उठसूट कुणालाही लावायचा शब्द नाही तो."

"कलतो," ती म्हणाली. टोपली उतरवून उंबऱ्यावर बसली. "माजा किसन होडी सोडून फॅक्टरीत गेला. टाकी साफ कराया आत उतरला, गॅसनं थितंच गेला. आमी फाटकावर गेलो तं सायेब बोलला, लडका केअरलेस था. बास. गाडीत बसून गेला."

थोडा वेळ ती मासळीवरच्या माश्या वारत राहिली.

"किसन होडीवर गाठ बांदायचा, आन परत जाऊन हात लावून बगायचा. पोरं हसायची त्याला."

न पाहिलेल्या त्या साहेबाची मला भयंकर चीड आली.

"मग तोच शब्द कशाला गं तोंडात ठेवतेस?"

मावशीने माझ्या पातेल्यात बोंबील टाकले, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

"एकट्या किसनच्याच नावावर कशाला ऱ्हावा, बाय? मी सगल्यांना वाटते. म्हंजे त्याच्या वाट्याला जरा कमी येल."