पेवाच्या तोंडी नानासो

‘अडकलोय’ हा शब्द नानासोंच्या तोंडून दिवसात वीस वेळा निघायचा. जत्रेची वर्गणी मागायला कुणी आलं की, ‘आत्ता जरा अडकलोय.’ मेव्हण्याकडं बारसं झालं की, ‘यायचं मनात लय हुतं, पन अडकलो.’ बायकोनं माळ्यावरचा हंडा काढून मागितला की तक्क्याला टेकल्या टेकल्याच, ‘दिसत न्हाई व्हय, कामात अडकलोय!’ (तेव्हा हातात फक्त अडकित्ता असायचा.)

त्यांच्या धंद्यातही दुसरं काही नव्हतंच. वॅगन मिळाली नाही की माल अडकायचा, पावसात गाडी अडकायची, आणि गेली दोन वर्षं थोरल्या लेकीचं, अंजनाचं, लग्न अडकलं होतं. तिच्यात नानासोंचा जीव अडकला होता तो वेगळाच. पण एवढ्या सगळ्यात नानासो स्वतः, अंगानं, कुठं अडकले नव्हते. तो योग लढाई संपल्यावरच्या पहिल्या चैत्रात आला.

नानासोंची सांगलीत हळदीची अडत आणि हरिपुरात राहतं घर. घरामागच्या आवारात चार पेवं. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. आत घराचा एक सोपा मावेल एवढी जागा, पण वरचं तोंड एका माणसानं दोर धरून, अंग चोरून उतरावं इतकंच. नानासो विशीत असताना या तोंडातून खारीसारखे वरखाली करत. पेवाचं तोंड काही वयाबरोबर वाढत नाही. बाकी काय काय वाढतं, याचा हिशेब नानासोंनी कधी ठेवला नव्हता.

स्थळ मध्यस्थ नाथाजीनं आणलं. साताऱ्याचे लालासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन पेन्शनीत निघालेले. मुलगा पाचगणीच्या एका शाळेत ड्रिल मास्तर. फोटो हातात आल्यावर अंजनानं मान खाली घातली ती तासभर वर केली नाही, म्हणजे पसंत.

“सुभेदार मानूस सोन्यावानी,” नाथाजी म्हणाला. “फकस्त दोन गोष्टी हायत्या. पोट सुटल्याला मानूस दिसला की त्येचं डोस्कं फिरतं. आन् मान लय बघतो. कराडात एका घरी मालक उठून सामोरा आला न्हाई, तर ह्यो पायरीवरनं माघारी!”

नानासोंनी खाली बघितलं. पाय दिसले नाहीत. पाहुणे चार दिवसांवर आलेले, तेवढ्यात पोट जाणं शक्य नव्हतं. पण त्याला कष्टाचं पोट म्हणून खपवणं शक्य होतं. मालाची बाजू बघून गिऱ्हाइकापुढं धरायची, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

“पाव्हणं आवारात येत्याल,” ते बायकोला म्हणाले, “त्याच टायमाला मी हळदीचा नमुना घिऊन पेवातनं वर येतोय. घामानं भिजलेला. म्हंजी सुभेदार म्हनंल, काय कष्टाचा मानूस हाय!”

चंद्राबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. “तुमी? पेवात? आवं, परवा तुमी टांग्यात बसला तवा घोडं वळून बघत हुतं.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“मला घोड्याचं कळलं,” त्या म्हणाल्या.

पाहुणे दहाला येणार होते. हमाल सिद्धूनं आदल्या दिवशीच पेव उघडून ठेवलं होतं. सकाळी कंदील आत सोडून बघितला. तो विझला नाही, म्हणजे आतली हवा चांगली. साडेनऊला नानासोंनी देवाला हात जोडले आणि दोर धरला. पाय गेले. मांड्या गेल्या. धोतराच्या घोळापर्यंत सगळं झकास चाललं होतं. मग पेवानं बास म्हटलं.

नानासोंनी खाली रेटून बघितलं. वर रेटून बघितलं. सिद्धूनं दोर ओढला. पेव काही ऐकेना. पाय आत नुसते हवेत.

“सिद्ध्या,” नानासो दबक्या आवाजात म्हणाले, “कुनाला सांगू नगंस.”

“सांगायचं काय त्यात, मालक? दिसतंयच की.”

तेवढ्यात दारात टांगा थांबला. फौजी माणूस, दहाला म्हणजे पावणेदहाला.

“सतरंजी आन! तक्कं आन! पळ!” सिद्धूनं बाहेरची सतरंजी ओढत आणून मालकाच्या चारी बाजूंनी दुमडून लावली, पाठीशी एक तक्क्या दिला, पोटाशी एक दिला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, मालक मांडी घालून आरामात बसलेत. (नानासो उंचीला साडेपाच फूट. सतरंजीवर त्यातले दोन उरले होते.)

सुभेदार आले. मिशा कोरलेल्या, हातात काठी, पाठ अशी ताठ की आत फळी घातली असावी. मागून त्यांची म्हातारी आत्ती अंबूबाई आणि नाथाजी.

“रामराम,” सुभेदार म्हणाले.

“रामराम, रामराम! या, या. बसा,” नानासो बसल्या जागेवरून म्हणाले.

सुभेदार बसले नाहीत. नाथाजी मागून डोळे वर करकरून ‘उठा, उठा’ खुणावू लागला. नानासो गोड हसले.

“तब्येत बरी न्हाई जनू,” सुभेदार म्हणाले.

“छे छे! तब्येत एकदम झकास.” (गुडघा धरलाय म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण कष्टाच्या माणसाचा गुडघा धरून कसा चालेल?)

“मग?”

“मग काय? बसा की.”

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. “नाथाजी, टांगा सोडला का उभा हाय?”

“उभा हाय जी, पन—”

“चला.”

“आरं लाला, घोटभर च्या तरी घिऊ,” अंबूबाई म्हणाल्या.

“आत्ती, जिथं घरधनी उठत न्हाई तिथं पानी बी घेयाचं न्हाई.” आणि सुभेदार वळले.

माजघराच्या खिडकीत बांगड्या वाजल्या. तिथं अंजना नवं लुगडं नेसून कधीची उभी होती. नानासोंनी तिकडं बघितलं. लेकीचा पडलेला चेहरा तेवढ्या लांबूनही दिसला. दिवसातून वीस वेळा सहज निघणारा तो शब्द आज तोंडातून निघेना. सुभेदार दाराशी पोचले, तेव्हा तो निघाला.

“सुभेदार! आवं, उठायचं मनात लय हाय! पन मी अडकलोय!”

नाथाजीनं कपाळावर हात मारला. “नानासो, निदान आज तरी दुसरं कायतरी सांगा की वो!”

चंद्राबाई चहाचं ताट घेऊन बाहेर येत होत्या. त्यांनी ताट कट्ट्यावर ठेवलं, सरळ चालत आल्या आणि नवऱ्याच्या पोटाशी लावलेला तक्क्या उचलला. “बगा,” त्या म्हणाल्या. “निम्मं मानूस हितं हाय, निम्मं पेवात.”

सुभेदार माघारी आले. उकिडवे बसून त्यांनी काठीनं पेवाची कड ठोकून बघितली. मिशी एकदा थरथरली, पण त्यांनी ती सावरली.

“पाय टेकत्यात?”

“न्हाई.”

“चाळीस साली मिसर देशात आमची लॉरी वाळूत अशीच अडकली हुती. पयलं वजन उतरवायचं. धोतर सोडा.”

“व्याह्यासमोर?” नानासो ओरडले. (अजून व्याही झाला नव्हता, पण अशा वेळी कुणाला भान राहतं?) “जीव गेला तरी न्हाई!”

“जीव जात न्हाई,” चंद्राबाई म्हणाल्या. “नुसतं धोतर जातंय. कमरंला एवढा बोळा करून ठेवलाय, त्यो गेल्याबिगार तुमी काय सुटत न्हाई.”

नानासोंनी एकदा खिडकीकडं बघितलं आणि डोळे मिटले. सिद्धूनं आपला काटकुळा हात कडेनं आत सारला. गाठ सुटली, आणि धोतर जे खाली गेलं ते थेट हळदीच्या ढिगावर. सुभेदारांनी स्वतः दोर नानासोंच्या काखेखालून घेऊन बांधला. टांगेवाल्यालाही बोलावलं.

“सगळी पाठ फिरवा! अबाउट टर्न! दोर खांद्यावर! एक... दो... होऽऽ!”

सगळ्यांनी पाठ फिरवून दोर ओढला. एकट्या अंबूबाई तोंड करून उभ्या राहिल्या. “मला म्हातारीला कुठं काय दिसतंय,” त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसून नीट बघू लागल्या.

तिसऱ्या ‘होऽऽ’ला नानासो बाटलीच्या बुचासारखे वर आले. चंद्राबाई रिकामं पोतं घेऊन तयारच होत्या. पोतं कमरेला गुंडाळून नानासो उभे राहिले, धडपडत दोन पावलं पुढं आले आणि त्यांनी हात जोडले.

“रामराम, सुभेदार. उठलो बगा.”

आता मात्र सुभेदारांची मिशी आवरेना. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नानासोंना, पोत्यासकट, कडकडून मिठी मारली. “पोट वाईटच हाय,” ते म्हणाले. “पन मानूस जाग्यावरनं तसूभर हलला न्हाई. असला गडी मोर्च्यावर पायजे!”

अंबूबाई जवळ आल्या. घाम आणि पेवातला धुरळा मिळून नानासो कमरेखाली पिवळेजर्द झाले होते. “लाला, आता मागं सरायचं न्हाई,” म्हातारी म्हणाली. “हळद लागली. पोरीच्या आदी बापाला लागली, एवढंच.”

खिडकीत पुन्हा बांगड्या वाजल्या, पण आता तोंडात पदर कोंबलेला होता. चहा झाला, सुपारी फुटली, आणि वैशाखात अंजना सुभेदारांची सून होऊन साताऱ्याला गेली.

पेवाचं तोंड नानासोंनी त्याच दुपारी बुजवून लिंपायला लावलं. “मालक, धोतर?” सिद्धूनं विचारलं. “धोतराचं नाव काढायचं न्हाई,” नानासो म्हणाले.

दोन वर्षांनी भाव चढला तेव्हा त्या पेवातली हळद मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं घेतली. त्याच्याच हमालांनी एका दिवसात पोती भरून नेली. पंधरा दिवसांनी पत्र आलं. नानासोंनी ते वाचलं, घडी घालून टोपीत ठेवलं, आणि चंद्राबाईंनी काय लिहिलंय म्हणून विचारलं तर म्हणाले, “आत्ता जरा अडकलोय.”

त्यांनी टोपी काढली तेव्हा चंद्राबाईंनी ते काढून वाचलंच. लिहिलं होतं:

‘माल पोचला. वाण उत्तम. एका पोत्यात पिवळ्या कापडाचा एक लहान तंबू निघाला. आमच्याकडे ठेवून घ्यावयाचा की परत पाठवावयाचा, कळवावे.’