सुभेदारांचा सकाळचा फोन

आमच्या वरच्या मजल्यावरचे सुभेदार तोंड उघडतात तेव्हा ते बोलणारच असतात असं नाही. कुठे फटाक्याची वात पेटली, की हे आ वासून उभे. लग्नाच्या वरातीतही तसेच. तोफ उडताना तोंड उघडं ठेवलं की कानाचे पडदे वाचतात, ही तोफखान्यातली शिकवण. "त्याच्यापायी कान वाचले," असं ते अभिमानाने सांगतात. वाचलेले नाहीत, हे त्यांना सांगायची सोय नाही. ऐकू कुठे येतंय!

मूळचे निफाडकडचे, आता गंगापूर रोडला लेकाकडे असतात. कारगिलच्या लढाईत त्यांच्याच तोफेवर मालेगावचे सलीमभाई होते. शत्रूचा गोळा जवळ पडला की धूर विरायच्या आत सुभेदार हाक मारायचे, "सलीम!" पलीकडून "हाजिर!" आलं की मगच आपला पुढचा गोळा भरायचा.

ती हाक पेन्शनीतही सुटली नाही. आता फोनवरून, रोज सकाळी, चहाआधी. सलीमभाईंचेही कान कामातून गेलेले. त्यामुळे इकडून कांद्याची चौकशी, तिकडून यंत्रमागाचं गाऱ्हाणं, आणि दोघेही खूश. आमच्या इमारतीत गजर कुणी लावत नाही.

परवा मात्र तिकडे फोन कुणी उचलेना. रोजची आरोळी ऐकू आली नाही म्हणून मी वर गेलो, तर सुभेदार पुन्हा पुन्हा लावत होते. चहा गार होऊन त्याचं पाणी झालं.

"बाबा, झोपले असतील," सून ओरडून म्हणाली.

"सलीम आन् या वक्ताला झोपंल? नाय!"

मग माझा हात धरून ते चक्क हळू बोलले. इतक्या वर्षांत मी त्यांचा हळू आवाज ऐकला नव्हता. "मास्तर, लय भ्या वाटतंय. त्या तोफंवरचे आता आमी दोघंच उरलोय."

मी पायांत चपला सरकवल्या. मालेगावची बस गाठायला आम्ही जिना उतरतोय, तोच फोन वाजला. मीच घेतला. सलीमभाईंची नात होती. "अंकल, दादा फोन पे ही बैठे थे! घंटी बजती रही, उनको पता ही नहीं चला!"

मी हुश्श केलं. सुभेदारांनी फोन हिसकावून हाक मारली आणि तिकडूनही आरोळी आली. बराच वेळ दोघे एकाच वेळी बोलत राहिले. शेवटी सुभेदार पायरीवर टेकले, बाहीने डोळे पुसले, सुनेला चहा टाकायला सांगितला.

"काय म्हणाले सलीमभाई?" मी कानाशी जाऊन विचारलं.

"काय की," सुभेदार म्हणाले. "पण बोलत व्हता ना!"